झुडपी जंगलाला जंगल का म्हणायचं? नागपूरच्या उन्हातून समजून घेऊ

आमच्या वस्तीच्या मागे, रिंग रोडच्या पलीकडे, आठ-दहा एकरांचा एक तुकडा आहे. बोरी, बाभळी, पळस, मधूनच एखादा कडुनिंब आणि बाकी सगळं कुसळीचं गवत. उन्हाळ्यात तिकडे बघितलं की डोळे दिपतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या झुडपी जंगलाच्या जमिनी कायद्याने वनजमिनीच आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालेल्या शेजारच्या काकांनी मला त्या तुकड्यापाशीच गाठलं. म्हणाले, "भाऊ, ह्याले जंगल म्हणतात का? बसाले साधी सावली नाही इथं."

काकांचा प्रश्न रास्त आहे. जंगल म्हटलं की आपल्यासमोर पेंच येतं, ताडोबा येतं, उंच साग आणि वाघ येतो. हवामान बदलावर बोलणारे सगळे म्हणतात जंगल वाचवा, पण जंगल नेमकं करतं काय, हे कुणी बसून सांगत नाही. ते कळलं तर या काटेरी तुकड्याचं काय करायचं, हेही कळेल. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

आधी शब्दाचं बघू

या सहा जिल्ह्यांचा मुलूख १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात होता. मालगुजारीच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, काळात गावाच्या गरजेसाठी काही जमीन राखून ठेवलेली असे. गुरं चारायला, जळण आणायला, कुंपणाला काटे तोडायला. याला निस्तार म्हणत. जिथे मोठी झाडं नव्हती, नुसती झुडपं होती, ती जमीन महसुलाच्या दप्तरात 'झुडपी जंगल' म्हणून लिहिली गेली. पुढे यातल्या बऱ्याच जमिनीवर घरं, शाळा, कचेऱ्या, स्मशानभूमी उभ्या राहिल्या, कारण ही जमीन वन आहे असं कुणाच्या मनातच नव्हतं. निकालात ज्या क्षेत्राची चर्चा आहे ते सुमारे ८६ हजार हेक्टर आहे.

यात १२ डिसेंबर १९९६ ही तारीख महत्त्वाची. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात सांगितलं होतं की 'वन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशातलाच घ्यायचा, मालकी कुणाचीही असो. नव्या निकालाने झुडपी जंगलाला तोच नियम लावला. त्या तारखेआधी रीतसर दिलेल्या जमिनींसाठी वेगळी वाट ठेवली, म्हणजे जुन्या घरांवर गंडांतर नको. कायद्याचं एवढं पुरे. आता झाडांकडे येऊ.

ढगाळ रात्रीचा उकाडा

मे महिन्यात आकाश निरभ्र असेल तर पहाटे गच्चीवर थोडा तरी गारवा येतो. पण रात्री ढग दाटले की अंगाची काहिली होते, हे प्रत्येक नागपूरकराला ठाऊक आहे. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडते. ढग ती उष्णता अडवतात आणि परत खाली पाठवतात.

हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू असंच काम करतो, फक्त तो दिसत नाही आणि ढगासारखा निघूनही जात नाही. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत याचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून आपण ही भर घातली. यालाच हवामान बदलाचं मूळ कारण म्हणतात. नागपूरचं तापमान २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेलं होतं. एका दिवसाच्या उन्हाचा दोष थेट कार्बनवर टाकता येत नाही. पण सगळ्या जगाचा पारा वर सरकला की नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरूच होतो वरच्या पायरीवरून.

माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश भाग जमिनीवरच्या वनस्पती आणि माती शोषून घेतात. त्यात मोठा वाटा जंगलांचा. हे काम ती फुकट करतात. ती नसती तर आपण आज कुठल्या उन्हात उभे असतो, याचा विचारही करवत नाही.

कणगी आणि पेव

झाड हवेतला वायू घेतं म्हणजे काय करतं? पान सूर्यप्रकाशात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांची साखर बनवतं. त्या साखरेचं पुढे लाकूड होतं, साल होते, मूळ होतं. वाळलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन नुसत्या कार्बनचं असतं. एक क्विंटल सुक्या लाकडात सुमारे ५० किलो कार्बन. तो हवेतून ओढायला झाडाला सुमारे १८३ किलो कार्बन डायऑक्साइड गिळावा लागतो. तेच लाकूड जाळलं तर जवळपास तेवढाच वायू परत हवेत जातो.

जुन्या घरांत धान्य दोन ठिकाणी असायचं. घरात तट्ट्याची कणगी आणि अंगणात जमिनीखाली खणलेलं पेव. कणगी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायची, पेव फक्त घरच्यांना माहीत. जंगलाचंही तसंच आहे. खोड, फांद्या, पानं ही कणगी. खाली माती हे पेव. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार आपल्या देशातल्या जंगलांत सुमारे ७२८ कोटी टन कार्बन साठलेला आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक मातीत आहे. झाडांत त्याहून कमी.

हा साठा तयार होतो कसा, ते बघायला लांब जावं लागत नाही. सेमिनरी हिल्सच्या उतारावर पायवाट सोडून दोन पावलं आत जायचं आणि खाली बसून हाताने पाला बाजूला सारायचा. वरचा थर कुरकुरीत, यंदाचा. त्याखालची पानं मऊ, तपकिरी, नुसत्या शिरा उरलेली. अजून खाली गेलं की पान ओळखूच येत नाही, काळसर भुगा असतो आणि त्यात बुरशीचे पांढरे धागे सुताच्या गुंडीसारखे पसरलेले. एखादी गोम लगबगीने आत शिरते. पहिल्या पावसाचा वास या मातीला भर उन्हातही येतो. बोटभर जाडीचा हा थर बसायला कित्येक वर्षं लागतात.

पेवाची एक गोष्ट जुनी माणसं सांगतात. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही. आधी दोरीने कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं, कारण आत साठलेल्या हवेत माणूस गुदमरून जातो. धान्यही श्वास घेतं आणि बंद जागेत कार्बन डायऑक्साइड साठतो. जंगल तोडून जमीन नांगरली, खणली, उन्हात उघडी टाकली की मातीचं पेव असंच उघडतं. शेकडो वर्षांचा पाला-मुळांचा कार्बन जीवाणूंच्या तोंडी लागतो आणि वायू होऊन वर जातो. झाड पडताना आवाज येतो, हे होताना येत नाही.

झाड म्हणजे कूलर

कार्बनचं काम सगळ्या जगासाठी. पण जंगल आपल्या गल्लीसाठीही एक काम करतं, आणि ते नागपूरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, कारण त्याच्या खिडकीत तेच यंत्र बसवलेलं असतं.

कूलरच्या ताट्यांवरून पाणी ओघळतं, पंखा गरम हवा आत ओढतो, पाण्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती हवेतून घेतली जाते, म्हणून आत येणारी हवा गार. झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांवरच्या बारीक छिद्रांतून त्याची वाफ सोडतं. याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. शब्द जड आहे, क्रिया कूलरचीच.

आता हिशेब करू. एक लिटर पाण्याची वाफ करायला वीजबिलातल्या भाषेत सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता लागते. चांगलं पाणी मिळणाऱ्या एखाद्या मोठ्या झाडाने दिवसाला शंभर लिटर पाणी सोडलं, तर त्याने आसपासच्या हवेतून सदुसष्टेक युनिट उष्णता काढून घेतली. दीड टनाचा एसी बारा-तेरा तास चालला तर साधारण एवढी उष्णता खेचतो. फरक असा की एसी ती उष्णता, वर आपल्या विजेची उष्णता जोडून, बाहेर रस्त्यावर फेकतो. झाडाची वाफ वर जाते आणि उंचावर तिचे ढग होतात. झाड काही बंद खोलीत नसतं, त्यामुळे त्याचा गारवा वाऱ्यावर विखुरतो. पण शेकडो झाडं एकत्र असली की तो टिकतो. मे महिन्यात संध्याकाळी सदरकडून जपानी गार्डनच्या चढाला गाडी घातली की एका वळणावर हेल्मेटच्या काचेआड हवा बदलते. तो बदल या वाफेचा आणि सावलीचा.

"पण उन्हाळ्यात सागाला पानंच नसतात, मग गारवा कसला?"

हा आक्षेप विदर्भातलाच माणूस घेऊ शकतो आणि तो बरोबर आहे. आपली जंगलं पानगळीची. फेब्रुवारी-मार्चपासून साग उघडा पडतो आणि पाऊस तोंडावर आल्याशिवाय त्याला पान फुटत नाही. नुसत्या सागाचं रान मे महिन्यात फारसा गारवा देत नाही, हे मान्य.

पण जंगल म्हणजे नुसता साग नव्हे. मोह मार्च-एप्रिलमध्ये फुलतो आणि फुलं झडता झडता त्याला तांबूस पालवी येते. कुसुमाला लालभडक पानं ऐन चैत्रात. पिंपळाची कोवळी पानं त्याच सुमाराला लकाकतात. नाल्याच्या काठी अर्जुन, जांभूळ, करंज हिरवेच असतात. आभाळातून थेंब पडायला महिना-दोन महिने असताना ही झाडं पानं काढतात, कारण त्यांची मुळं खोलवर गेल्या पावसाळ्याचं पाणी पितात. मिश्र जंगल आणि एकाच झाडाची लागवड यातला फरक इथे दिसतो. आणि सागाने टाकलेली ती मोठाली पानंही वाया जात नाहीत. ती जमिनीवर पडून राहिली तर खालची माती उन्हापासून झाकली जाते.

पावसाळ्यात कूलर लावला तर खोली नुसती चिकट होते. तसंच दमट हवेत झाडांचं हे कामही मंदावतं. पण आपल्याकडचं मेचं ऊन कोरडं, त्यामुळे ज्या झाडाला पान आणि मुळाशी ओल आहे ते जोरात काम करतं.

एक लिटर पाण्याची परीक्षा

काकांना मी हे सगळं तोंडी सांगितलं तेव्हा ते ऐकून घेत होते, पण पटलं ते बाटलीने. जूनमध्ये एका सकाळी आम्ही एक लिटरच्या दोन बाटल्या घेऊन गेलो. पहिली त्या तुकड्याच्या कडेला, जिथे गाड्या उभ्या राहून जमीन कठीण झाली आहे, तिथे ओतली. पाणी पसरलं, धूळ घेऊन उताराला लागलं आणि रस्त्याच्या डांबरापर्यंत पोचलं. दुसरी आत, बोरीच्या बुडाशी, जिथे पाला आणि गवताच्या मुळ्या आहेत. तिथे एक बुडबुड असा आवाज आला आणि पाणी दिसेनासं झालं. काका काठीने माती उकरून बघत होते, गेलं कुठे.

याचा मोठा हिशेब असा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. शंभर मिलिमीटर म्हणजे दहा लाख लिटर. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये २२ आणि २३ तारखेच्या मधल्या रात्री नागपुरात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी लोकांच्या घरात शिरली. इतका पाऊस कुठलंही जंगल पूर्ण जिरवू शकलं नसतं, आणि तलाव, नाले, बांधकामं हे त्यातले वेगळे प्रश्न आहेत. पण शहराच्या चढावरची प्रत्येक हेक्टर मोकळी, मुळ्यांनी भुसभुशीत जमीन काँक्रीट झाली की तेवढे लाखो लिटर एकाच वेळी खाली धावतात.

आपल्या नळाचं पाणीही जंगलातूनच येतं. पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण आणि त्याखालचं नवेगाव खैरी यांच्या भोवती जंगल आहे. तिथला पाऊस पाल्यात, मातीत मुरतो, हळूहळू नदीला मिळतो आणि सोबत गाळ कमी आणतो. नागपूरकराने पेंचला फक्त सफारीसाठी ओळखावं, याचं मला वाईट वाटतं. रोज सकाळी तो पेंचच्याच पाण्याने तोंड धुतो.

"झाडं लावतोच की आपण!"

लावतो, आणि लावलीच पाहिजेत. २०१९ मध्ये महाराष्ट्राने ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम केली, ती सगळ्यांना आठवत असेल. प्रश्न लागवडीचा नाही, बदल्याचा आहे. रस्ता किंवा खाणीसाठी जंगल द्यायचं आणि त्याबदल्यात दुसरीकडे रोपं लावायची, याला पर्यायी वनीकरण म्हणतात. यात एक झाड बरोबर एक रोप, किंवा फार तर पाच-दहा रोपं, असा हिशेब मनात धरला जातो.

हा हिशेब सुतळीने तपासता येतो. अंगठ्याएवढ्या जाडीच्या रोपाच्या खोडाचा घेर समजा ७ सेंटिमीटर. कवेत येणाऱ्या सागाचा घेर १४० सेंटिमीटर, म्हणजे वीसपट. घेर वीसपट झाला की खोडाचा काप चारशेपट होतो. त्यात रोप दोन मीटर उंच आणि साग वीस मीटर, म्हणजे आणखी दहापट. ढोबळमानाने एका सागाएवढं लाकूड भरायला तशी चार हजार रोपं लागतील, आणि तीही सगळी जगली तर. रोप मोठं होईल हे खरं, पण त्याला पन्नास-साठ वर्षं लागतील, आणि तोडलेल्या झाडाचा कार्बन मात्र आजच हवेत गेलेला असेल. शिवाय रोप लावायला खड्डे खणले, ट्रॅक्टर फिरवला, तर नव्या जागेचं पेवही थोडं उघडतंच.

झुडपी जंगलाची गोष्ट इथे येऊन मिळते. पर्यायी वनीकरणासाठी जागा शोधताना अशा 'रिकाम्या' जमिनीकडे बोट जातं. निकालात न्यायालयाने ते सरसकट करायला आडकाठी घातली: वनाबाहेरची जमीन मिळतच नसल्याचं मुख्य सचिवांनी प्रमाणित केलं तरच झुडपी जमीन त्यासाठी वापरता येईल. मला ही निकालातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. एका वनाची भरपाई दुसऱ्या वनावर कशी होणार? गवताळ, काटेरी रान ही कुठल्या जंगलाची अर्धवट अवस्था नाही. गवताच्या मुळ्या मातीत कार्बन भरतात, ससे, मोर, तितर, कोल्हे तिथे राहतात, आणि गुरं-शेळ्यांचं पोटही त्यावर चालतं.

"सरकारी आकडे तर वाढ दाखवतात"

हो. २०२३ च्या अहवालानुसार देशाच्या २१.७६ टक्के भूभागावर वनाच्छादन आहे आणि आधीच्या अहवालापेक्षा ते किंचित वाढलं आहे. महाराष्ट्रात ते साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहे. आकडे खोटे नाहीत, पण वनाच्छादन म्हणजे काय ते समजून घेतलं पाहिजे. उपग्रहाच्या चित्रात एक हेक्टरपेक्षा मोठ्या जागेवर झाडांच्या शेंड्यांची सावली दहा टक्क्यांहून जास्त दिसली की ते वनाच्छादन. मालक कोण, झाड कुठलं, हे बघितलं जात नाही. फळबागाही यात येतात. म्हणजे काटोल-नरखेडकडची एखादी दाट, मोठी संत्र्याची बाग या मोजणीत बसू शकते, आणि आमच्या मागचा दहा टक्क्यांहून कमी सावलीचा तुकडा 'झुडपी' म्हणून वेगळा काढला जातो. बाग हिरवीच आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण बागेखालची माती दरवर्षी वखरली जाते, खालचा पाला झाडला जातो. एकीकडे जुनं जंगल गेलं आणि दुसरीकडे तेवढ्याच बागा उभ्या राहिल्या, तर बेरीज तीच दिसेल आणि पेव रिकामं झालेलं कुणाला कळणार नाही.

ऑक्सिजनबद्दल थोडं

जंगल आपल्याला ऑक्सिजन देतं म्हणून वाचवा, असं फलकांवर लिहिलेलं असतं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आहे आणि तो कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे. पूर्ण वाढलेलं जंगल जेवढा ऑक्सिजन सोडतं तेवढा जवळपास सगळा तिथलीच झाडं, बुरशी, जीवजंतू वापरून टाकतात. ऑक्सिजन संपण्याची भीती नाही. खरा मुद्दा कार्बन, पाणी आणि उष्णतेचा आहे, आणि तो पुरेसा गंभीर आहे.

काडी कोण लावतं?

आपल्या भागातल्या जंगलाचं दरवर्षीचं दुखणं म्हणजे वणवा. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत हा हंगाम असतो. रात्री नागपूरहून रामटेक किंवा उमरेडकडे जाताना डोंगराच्या अंगावर केशरी साखळी सरकताना दिसते. आपल्याकडचे बहुतेक सगळे वणवे माणसामुळेच लागतात. मोहाची फुलं वेचायला झाडाखालची जागा स्वच्छ हवी म्हणून पाला पेटवतात. तेंदूला नवी मोठी पानं फुटावीत म्हणून रान जाळतात. कुणी विडी टाकतं, कुणी धुऱ्यावरचा कचरा पेटवतं आणि वारा पुढचं काम करतो.

"गवत जळलं, झाडं तर उभीच आहेत," असं म्हणतात. सागासारखी जाड सालीची झाडं उभी राहतात खरी. पण जळतं ते जंगलाचं पुढचं पीक: दोन-तीन वर्षांची रोपं. आणि जळतो तो पाला, जो मातीत उतरायचा होता. तीन-चार वर्षं सलग वणवा लागलेल्या ठिकाणी माती भाजलेल्या विटेसारखी होते, आणि एक लिटर पाण्याची परीक्षा तिथे केली तर पाणी उताराला लागतं. अशा उघड्या जागी रायमुनिया, म्हणजे घाणेरीचं झुडूप, घुसते. तिची रंगीत फुलं दिसायला गोड, पण तिच्या जाळीखाली गवतही उगवत नाही, आणि सुकली की ती आगीला आणखी खाद्य पुरवते.

गरीब माणसाला दोष देऊन यातून सुटका होत नाही. मोह आणि तेंदूवर हजारो घरांची चूल चालते. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, म्हणजे आसपासचं जंगल राखायचा आणि वापरायचा अधिकार ग्रामसभेकडे आला. त्या ग्रामसभेने बसून ठरवलं की तेंदूपाने तोडायची नाहीत, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि आगी लागतात. हातचं नगद उत्पन्न सोडलं आणि बांबूवर भर दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये असाच हक्क मिळवून वाट दाखवली होती. ज्यांचं पोट जंगलावर आहे आणि ज्यांना उद्याही ते आपलंच राहील याची खात्री आहे, ते काडी लावत नाहीत. मला या सगळ्यात सर्वात मोठा दिलासा याच गोष्टीचा वाटतो.

जगात हे उलट दिशेला चाललं आहे. २०२४ मध्ये उष्ण कटिबंधातलं सुमारे ६७ लाख हेक्टर मूळ जंगल नष्ट झालं आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा आगीचा होता. जंगल जळलं की कार्बन वाढतो, कार्बन वाढला की ऊन वाढतं, ऊन वाढलं की जंगल आणखी वाळतं आणि पुढच्या वर्षीची आग सोपी होते.

"मग कोळसा नको, रस्ते नकोत?"

वीज मलाही लागते. कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात. पण कोळसा म्हणजे काय ते या भागात राहून माहीत असलं पाहिजे. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी दलदलीत गाडलेलं जंगल म्हणजे आपला कोळसा. भूशास्त्रज्ञ ज्या खडकांना जगभर गोंडवाना म्हणतात, ते नाव इथल्या गोंडांच्या मुलखावरून पडलं. म्हणजे हेही पेवच, फार जुनं. कोळशाच्या वर उभं जंगल असेल आणि खाणीसाठी ते तोडलं, तर एकाच खड्ड्यात दोन पेवं उघडतात आणि वरची कणगीही मोडते. म्हणून खाण कुठे, हा प्रश्न खाण की नाही याइतकाच महत्त्वाचा आहे.

रस्त्यांचं उदाहरण आपल्याच दाराशी आहे. जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. त्यावरून मोठा वाद झाला, खटले चालले आणि शेवटी जनावरांना रस्त्याखालून जाता यावं म्हणून उंच पूल बांधले गेले. त्याखालून वाघ, गवे, चितळ जाताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. रस्ता झाला आणि जंगलही सलग राहिलं. खर्च वाढला, वेळ लागला, पण झालं. सलग राहणं फार महत्त्वाचं. मोठ्या जंगलाचे चार तुकडे केले की प्रत्येकाला नव्या कडा मिळतात. त्या कडांतून ऊन आणि वारा आत शिरतो, माती वाळते आणि आग, कुऱ्हाड, रायमुनिया आत यायला वाट होते.

आमचा तुकडा

काकांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मग काय? त्या तुकड्यात पेंचच्या एका कोपऱ्याएवढाही कार्बन नाही. त्याने वस्तीचा पारा फार खाली येतो असंही मी म्हणणार नाही. पण त्याच्या मातीत जे आहे ते वर्षानुवर्षांचं आहे. पावसाचं पाणी तिथे मुरतं, म्हणून शेजारच्या विहिरीला उन्हाळ्यात ओल असते. चराई आणि जाळपोळ दोन-चार वर्षं आवरली तर त्या बोरी-पळसांच्या आडोशाला कडुनिंब आणि मोह आपसूक वर येतील, एक खड्डाही न खणता.

यंदा फेब्रुवारीच्या अखेरीस, पाला पुरता सुकला तेव्हा, काकांनी फिरायला येणाऱ्या सहा-सात जणांना फावडी आणि खराटे घेऊन बोलावलं. रस्त्याच्या बाजूने दोन माणसं झोपतील एवढ्या रुंदीचा पट्टा आम्ही झाडून काढला. वन खात्यातले लोक याला जाळरेषा म्हणतात. पेटती विडी पडली तरी आग आत जाऊ नये म्हणून जमीन अशी कोरी ठेवायची. पट्ट्यातला पाला मी पोत्यात भरून कचरागाडीत टाकायला निघालो, तर काकांनी हात धरला. "बाहेर कायले नेतं, भाऊ? आतच टाक, बोरीखाली."

मार्चमध्ये एकदा त्या पट्ट्याच्या रस्त्याकडच्या बाजूला गवत जळालेलं दिसलं, हातभर लांबीचं काळं वर्तुळ. झाडलेल्या जागेपाशी येऊन ते थांबलं होतं.